गावठाणाची मोजणी

सर्व्हेवाल्यानं टेप उलगडली. पूर्वेला काय?
खाडी, इनास म्हणाला.
तिथं तर सात मजली पार्किंग आहे.
हां, त्याच्याखाली.

पश्चिमेला दुमिंगचं भात.
आता शोरूम, पण पावसाळ्यात
तिथल्या फरशा अजून फुगतात.

उत्तरेला प्लेगच्या सालचा क्रूस,
बायांनी तांदूळ विकून बांधलेला.
दर मे महिन्यात त्याला सफेदी, झेंडूची माळ,
औंदा पालिकेची नोटीस.

दक्षिणेला विहीर.
नळ आले तेव्हा बुजवली. तोवर दगड टाकला
की आवाज यायला वेळ लागायचा.

तो लिहीत गेला: पूर्वेस इमारत, पश्चिमेस दुकान.
नकाशावर गाव अंगठ्याएवढं आलं.
इनासनं त्यावर खरंच अंगठा ठेवून पाहिला.

थोडं उरलं.