सोमवारची वाळू

उद्यमनगरात सोमवारी शटरं खाली असतात.
लेथ गप्प, ग्राइंडर गप्प,
टपरीवरचं बाकडं पालथं घातलेलं.
मी तेवढी आत, पंख्याखाली,
स्क्रीनवर ब्रॅकेट नंबर अकरा.

अकरा म्हणजे अकराव्यांदा.
पहिली तीन माझी होती.
पुढची सगळ्यांची:
मगदूम साहेबांनी भिंत जाड केली,
तेजश्रीनं क्वालिटीतनं कोपरे गोल केले,
शिवलिंगकाका म्हणाले, असला फर्मा वाळूतनं निघायचाच नाही,
खरेदीच्या पोरानंसुद्धा एक बाण काढून पाठवला.
ग्रुपचं नाव ‘ब्रॅकेट अर्जंट’.
रात्री पावणेबाराला टिंग.
बघितलंस का?
झालं का?
एक छोटीशी आयडिया होती…

चार वेळा ओतलं. चारही भंगारात.
फोडलं की आत तेच:
मुगाएवढी भोकं, गुळगुळीत, आतून चकचकीत,
कुणी काही बोलायला तोंड उघडावं
आणि तेवढ्यात लोखंड थिजावं, तशी.

मला सुचत नव्हतं.
आणि सुचत नाहीये हे सांगायला
त्या ग्रुपात जागा नव्हती.

दुपारी बाबालाल मुजावर आले, कालचा डबा विसरला म्हणून.
उघडला, हुंगला, तोंड वाकडं करून बाजूला ठेवला.
‘सुट्टीचं काय गं?’
‘अडकलोय,’ मी म्हणालो.
पुण्याला कॉलेजात हसायची पोरं माझ्या ‘लोय’ला.
इथं आम्ही पोरी असंच बोलतो,
दमलो की जास्तच.

त्यांनी स्क्रीनकडं बघितलंच नाही.
पेटीत वाळू भरली, काळी, ओलसर,
आणि ठोकणी माझ्या हातात दिली.
ठोकली. अकरा ब्रॅकेटांचा राग होता हातात,
पावणेबाराचं टिंग होतं.
वाळू अशी बसली की बोट उमटेना.
‘झाली की भिंत,’ ते म्हणाले.
‘आता ह्यात रस ओत. आतली हवा कुठनं जाणार, सांग.’
मग सायकलच्या तारेनं
टोच, टोच,
टोच.
आणि डबा काखेत मारून गेले.

त्या क्षणी मला काहीही सुचलं नाही.
लिहून ठेवतो, कारण लोक तेच विचारतात.
मी घरी गेलो, ग्रुप म्यूट केला
आणि दिवे लागायच्या आत झोपलो.

मंगळवारी दहाची मीटिंग. पाच जण, पाच तोंडं.
म्हणालो, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही.
‘कशासाठी?’
‘हवेसाठी.’
मगदूम साहेबांनी घड्याळाकडं बघितलं,
दहा मिनिटांचे किती रुपये ते मोजत असणार.
तिसऱ्या मिनिटाला तेजश्रीला हसू फुटलं.
पाचव्याला बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स.
सहाव्याला शिवलिंगकाका
टेबलावरच्या धुळीत बोटानं काहीतरी गिरवायला लागले.
अर्धंच गिरवलं, थांबले.
गाभा आडवा झोपवला होता.
आडवा!
मी त्याच्या डोक्यावर एक वाट काढली.
तेजश्रीनं ती तळहातानं पुसली, शेजारी काढली,
आणि तीच बरोबर होती.
थोडा वेळ राग आला. मग गेला.
दहा मिनिटं कधी संपली, कुणी सांगितलं नाही.

गुरुवारी ओतलं.
पेटीच्या भोकाभोकांतनं निळ्या ज्योती निघाल्या,
बारीक, थरथरत,
पाचही जण वाकून बघत होतो, न बोलता,
आणि ह्या वेळी तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

फोडलं. एका कोपऱ्यात राहिलंच एक,
मोहरीएवढं.
बाबालालनी नखानं खरवडलं.
‘चालतंय,’ म्हणाले. ‘चालवू नये, पण चालतंय.’

खिशात फोन थरथरला.
बघतो नंतर.