तक्रारीचा रकाना

मंगळवारी आणि गुरुवारी डॉक्टर येतात, दहा ते एक.
आज बुधवार. म्हणजे सिस्टर एस्पेरान्सा,
एक टेबलफॅन,
आणि खिडकीबाहेर ताळगावच्या पठारावरचं
गुडघाभर पिवळं गवत.

त्या रजिस्टर माझ्याकडे सरकवतात, चष्मा पुसत बसतात.
नाव : शेवंती वेळीप.
विभाग : भूशास्त्र, दुसरं वर्ष.
पुढच्या रकान्यावर इंग्रजी शब्द छापलाय.
मी मनात मराठी करून घेते : तक्रार.

आमच्या रिवणला तक्रार पंचायतीत करतात,
नळ कोरडा पडला तर,
रानडुकरांनी कणगी उकरली तर.
अंगाबद्दल कुणी कुणाकडे करायची?
आई ताप घेऊन काजू वेचायला जायची
आणि संध्याकाळी बरी होऊन यायची,
किंवा तसं सांगायची.

"कितें गो, परत तकली?"
मी मान हलवते. लिहिते : डोकेदुखी.
महिन्यात तिसऱ्यांदा, त्याच निळ्या पेनाने.

मग वजन. काटा रिकामा असतानाच
दोन किलो दाखवतो, गेली कित्येक वर्षं.
सिस्टर पुटपुटत वजा करतात.
"दोन युनिव्हर्सिटीचे. उरलेलं तुझं."
उरलेलं मागच्या वेळेपेक्षा चार किलो कमी आहे.

प्रवेशाच्या दिवशी एक फॉर्म भरला होता इथेच.
मधुमेह, दमा, फिट्स, कुटुंबात कुणाला काही?
नाही, नाही, नाही, भराभर बरोबरच्या खुणा केल्या,
मागे रांग होती.
आणि बाबांच्या आजाराला नाव कुठे होतं,
खूण करायला?

मागच्या दोन वेळा सिस्टरनी
पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीने कापून दिल्या.
आज कात्री हातातच राहिली.
"रातीं न्हीद पडटा?"

झोप येते का, एवढंच विचारलं होतं.
मी म्हणाले,
आमच्या अंगणात एक ट्रक आहे.

त्यांनी पंखा बंद केला. आवाज करतो फार.

खाण बंद झाली तेव्हा मी पाचवीत होते, मी सांगितलं.
पहिल्या पावसाळ्यात मागचे टायर बसले,
मग दारातून कारांद्याचा वेल आत शिरला.
बाबा रोज सकाळी केबिनमध्ये जाऊन बसत,
काच वर करून,
जेवायला हाक मारली तरी येत नसत.
ट्रकाला काय झालं, सगळे विचारायचे,
बँकेची माणसंसुद्धा.
बाबांना काय झालं, कुणीच नाही.
थकलाय, आई म्हणायची.
सहा वर्षं.

आणि आता मी थकलेय, सिस्टर.
प्रयोगशाळेत माझ्या नावाचा लोहखनिजाचा तुकडा
पाण्यात वजन करायचा राहिलाय.
ऑलिंडा मेसमधून पेज आणून ठेवते,
तिच्यावर साय धरते.
मी उठते, दात घासते, परत आडवी होते.
काच वर केलेली असते.

सिस्टर 'अरेरे' म्हणाल्या नाहीत.
कागदाच्या चिटोऱ्यावर वेळ लिहिली, शुक्रवार, अडीच.
"वयर एक बाई येतात. जिना चढलीस की डावीकडे.
दाराला पाटी नाही हां.
होती, तेव्हा पोरं अर्ध्या जिन्यातून परत जायची."

रजिस्टर अजून उघडंच होतं.
डोकेदुखी खोटं नव्हतं, डोकं दुखतंच.
तिच्यापुढे बोटभर जागा होती.
मी तिथे स्वल्पविराम दिला
आणि थांबले.

मागे एक मुलगा एका पायावर उभा होता,
फुटबॉलचे बूट खांद्याला, घोटा टम्म सुजलेला.
"पेन दितली?" त्याने विचारलं.
दिलं.