हजेरी

उपासना सुटली तरी पडवीतून कुणी हललं नाही.
एप्रिलचं सोलापूर, वरचा पत्रा तडतडतोय,
वीज गेली म्हणून शेजारच्या गल्लीतले माग गप्प,
आणि त्यामुळं शांतवन गुरुजींचा आवाज दुप्पट.

मी त्यांची सून. माझ्या हातात चहाचे पेले.
माझं मत कुणी विचारलेलं नाही.

"नीतिमान ठरवतो, असं लिहिलंय.
नीतिमान करतो, असं नाही.
निकाल आहे हा. न्यायाधीश बोलला की संपलं.
कृत्यांचं गाठोडं चपलांपाशी ठेवायचं नि आत यायचं.
विश्वास, बास."

देवदान घाटगे, मिलमधले जुने जॉबर,
तुटलेला धागा अजून डोळे मिटून शोधतील.
"ते मान्य. पण रक्त सांडलं ते कितीजणांसाठी?"

"ज्यांची खंडणी भरली ते सुटलेच पाहिजेत, देवदान.
सगळे सुटलेले दिसत नाहीत.
म्हणजे सगळ्यांची भरलेली नाही."

"भरली. सगळ्यांची.
कुणी आतच बसून राहिला तर त्याला
भरणाऱ्यानं काय करावं?"

"मग भरणाऱ्याचं बळ कमी पडलं म्हणा!"
"मग प्रेम कमी पडलं म्हणा तुम्ही!"

असं दर रविवारी. दोघांना मधुमेह,
दोघेही बिनसाखरेचा चहा मागतात
आणि वादात चुकून एकमेकांचा पितात.

पायरीवर मार्थाबाई मिश्री लावत बसलेल्या.
मंडळीच्या वहीत मार्था.
त्याआधी सरकारच्या एका वहीत झिपरी,
बापाचं नाव, जमात, अंगावरच्या खुणा.
गुन्हा काय ते लिहायला रकानाच नव्हता.
सेटलमेंटच्या तारेआड जन्मलं की झालं,
गुन्हेगार ठरलं.
(कृत्यांवाचून, हे मी मनातच म्हटलं.)

त्या थुंकून आल्या, तोंड पुसलं.
"आमची तार बी सगळ्यांसाठीच तुटली की.
दवंडी झाली, पेढे वाटले, म्हणले, आजपासनं तुमी सुटला.
दुसऱ्या दिशी भोंग्याच्या आधी
माझा बाप उठला, पटका बांधला,
नि जाऊन उभा राहिला हजेरीच्या जागी.
टेबल होतं. मानूस नव्हता.
पुढं टेबल बी कुणी उचलून नेलं.
तरी जायचा. सहा महिने.
मोकळ्या जागेला म्हणायचा, हाजीर."

"पाहा," गुरुजी म्हणाले, "सुटका झाली होती,
पण विश्वास नव्हता."
"पाहा," देवदान म्हणाले, "विश्वास नव्हता,
तरी सुटका झाली होती."

वाक्य एकच. उलटं-सुलटं घातलेली चादर,
दोन्ही बाजूंनी तीच नक्षी, रंग तेवढे अदलाबदल.

मार्थाबाई हसल्या नाहीत.
"माझ्या बापाला वाटून घेऊ नगा.
तो देवळात आला न्हाई, तुमच्या बी न्हाई, कुणाच्याच न्हाई.
त्येला कुणी शिकवलंच न्हवतं
का आपल्याला सोडलंय ह्ये खरं कसं मानायचं.
मरताना बी कुणीतरी नाव घेतल्यागत
हाजीर म्हणला नि गेला.
कुठं गेला, ठावं असंल तर सांगा.
नसंल तर च्या प्या."

चहा निवला होता.
देवदान धोतराचा सुटा धागा ओढत बसले,
तो लांबत गेला.

कितीतरी वेळानं गुरुजींनी पुस्तक मिटलं,
मध्ये बोट तसंच,
आणि मी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात विचारलं,
"टेबल कुठल्या बाजूला तोंड करून होतं?"

"उगवतीला," मार्थाबाई म्हणाल्या.
"सकाळचं ऊन सायबाच्या डोळ्यांत जायचं.
आमची तोंडं त्येला दिसायचीच न्हाईत.
नुसता आवाज ऐकून
खूण करायचा."