सहा पावलं

नियम सोपा आहे, डेसमंड.
निशाण सहा पावलांवर आलं की हात टोपीच्या कडेला,
सहा पावलं पुढे गेलं की खाली.
पुस्तकात एवढंच आहे.
कुणाची पावलं, ते नाही.

गेल्या मेमोरियल डेला, सार्डिनच्या बंद कारखान्यापाशी,
मी ओंडक्यांचा ट्रक थोपवून धरलेला,
आणि समोरून ऑर्विल पेल्टियर,
ब्याऐंशीचा, पट्ट्यात काठी रोवून.
वारा अटलांटिकचा.
त्याचं एक पाऊल म्हणजे माझं पाव.
मी सॅल्यूट केला, आणि तो येतच राहिला.

बँड पुढच्या चौकात पोचला, धून संपली.
ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.
खांद्यात कळ, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब,
पुसणार कसा?
काठी कलली. तू म्हणशील, धावायचं.
नाही. ते निशाण कुणापुढे वाकत नाही,
वाऱ्यापुढे तर नाहीच.
थांबला. सावरली. निघाला.

मग स्काउटांचं आलं, मग बंबावरचं,
मग एका कुत्र्याच्या पट्ट्यातलं.
सॅल्यूट पहिल्यालाच असतो. तरी
"माझ्याला का नाही?" म्हणणाऱ्या पोरीपुढे
मी मान तुकवली. हे लिहून घेऊ नकोस.

संध्याकाळी गटाराच्या जाळीवर
प्लास्टिकचं एक, काडी मोडलेलं.
खिशात कोंबवेना, टाकवेना.
गाडीत कालच्या कॉफीचा कप होता,
त्यात उभं केलं.

यंदा ऑर्विल नाही.
काठी नात धरणार आहे त्याची,
लांब ढांगांची पोर.
ट्रकवाल्यांना बरं पडेल.