तीन सेकंद

पवनीपासून अकरा किलोमीटर, विहाराच्या भिंतीवर
अंबाडीच्या दोरीनं ताणलेली चादर,
तिच्यावर अमेरिका.
चादरीच्या कोपऱ्यात चहाचा जुना डाग,
तो जॉर्जियाच्या आभाळात शेवटपर्यंत होता.

मी रिमोट घेऊन खुर्चीवर.
दर दोन वाक्यांनी थांबवायचं,
इंग्रजी गिळायचं, झाडीबोली ओतायची.
तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून हे काम माझ्याकडे.

पडद्यावर एक काळा न्हावी, सत्तरीचा.
वस्तरा पट्ट्यावर घासतो, म्हणतो,
मला कुणाची मेहेरबानी नको.
बापानं दुसऱ्याचा कापूस वेचला, हात पसरला नाही.
(आमच्याकडे धान. पण हे वाक्य
कुणालाच समजवावं लागलं नाही.)
त्याचे सगळे ज्या पक्षाला मत देतात
त्याच्या समोरच्याला हा देतो, तीस वर्षं.
चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नाही.

"आपला शालिकच हाये ना गा हा,"
अंधारात कुणीतरी बोललं
आणि सगळ्या माना मागे वळल्या.

शालिक वालदे, निवृत्त लाइनमन,
दाराजवळ, चपला काढतात तिथं बसलेला.
पोरीच्या फॉर्मवर यानं स्वतःच्या हातानं
'खुला' या चौकोनात खूण केली.
दोन मार्कांनी गेली तिची नर्सिंगची सीट.
मग घरावर तो झेंडा.
मग त्याच्या आईच्या पुण्यानुमोदनाला
दोन गंज भात उरला.

पडद्याबाहेरून दिग्दर्शकाचा आवाज:
तुम्ही आपल्याच माणसांशी...
शब्द माझ्या ओठांवर आला होता.
तोच शब्द शालिकच्या भिंतीवर
एका रात्री कोळशानं लिहिला गेला,
त्यानं वरून चुना मारला,
ओल धरली की अजून उमटतो.
मी म्हणालो, "विचारते का, तुमी येगळे काऊन झाले?"
शालिकनं माझ्याकडे पाहिलं.
मी काय गिळलं ते त्याला कळलं.

न्हावी हसतो. व्हायोलिन सुरू होतं.
कॅमेरा त्याला पायाशी बसून पाहतो,
आपण पुतळा पाहतो तसा.

संपल्यावर चहा.
मोरेश्वर रंगारी म्हणाला,
"कोणाच्या पैशानं काढला ते सांग आधी.
अन् वाजा कायले वाजवते मधात?
आमाले समजत नाही का कुठं रडाचं?"
लोक हसले.
कुणी म्हणालं, ते गुलाम होते, आपलं येगळं.
कुणी म्हणालं, कायचं येगळं.

तेवढ्यात अंजिरा उठली. शालिकची बहीण,
बाजारात सुकी मासळी विकते,
सहा वर्षं भावाशी बोललेली नाही.
"मधात एक बाई दिसली ना, सयपाकखोलीत.
त्याची बहीण, तूच म्हणला.
तिनं तोंड उघडलं
अन् यायनं लगेच झेंडा दाखवला.
तिले काय म्हणाचं होतं?"

मागे नेलं. तीन सेकंद.
गॅसवर भांडं, हातात उलथनं,
ती मान वळवते, ओठ वेगळे होतात,
झेंडा.

"पुन्हा."
ओठ. झेंडा.

"पुन्हा लाव ना बापू."
आता दिसलं, ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही,
भावाकडे पाहते.
झेंडा.

आवाज कापलाय मावशी, मी म्हणालो,
मला नाही माहीत.
एवढं इंग्रजी येऊन.

चौथ्यांदा दाराजवळून आलं, "थांबव."
थांबवलं, बरोबर झेंड्याच्या आधी.
पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलत होती,
त्यामुळे ते ओठ
हलल्यासारखे दिसत राहिले.

दिवा कुणी लावला नाही.
अंजिरा पडद्याकडे पाहत उभी,
शालिक अंजिराकडे.
प्रोजेक्टर तापल्याचा वास सुटला होता,
मी बंद करायला हवं होतं.