लेव्हलची नळी

रविवारी नानांनी मला कामावर नेलं.
घणसोली, सेक्टर नऊ, चौथा मजला.
मोकलकाकूंच्या घरी फरशा बसवायच्या होत्या
आणि हाताखालचा इर्शाद गावाला गेलेला.
पिशवीत थापी, ओळंबा, पिवळी दोरी
आणि दहा मीटरची पारदर्शक नळी,
सुस्तावलेल्या धामणीसारखी वेटोळं घालून.

नळीचं एक टोक बादलीत, दुसरं तोंडात.
नानांनी एकदाच ओढलं, झटकन खाली धरलं.
पाणी बादलीचा काठ चढून बाहेर आलं
आणि मग कुणी न ओढता येतच राहिलं.
"चढतं कसं?"
"पलीकडे खाली उतरायचंय म्हणून,"
नाना म्हणाले, तोंडातलं पाणी मोरीत थुंकून.

हे परीक्षेआधी कळायला हवं होतं.

विज्ञानाचा पेपर माझ्या कंपासपेटीत होता.
चार घड्या. वीसपैकी सहा.
सोमवारपर्यंत पालकांची सही.
'द्रव आणि वायू यांतील फरक लिहा', याखाली मी लिहिलेलं:
द्रवाला भांडं लागतं,
वायूला भांड्यात कोंडल्यासारखं होतं.
रात्री एमआयडीसीकडून वास येतो,
खिडक्या लावल्या तरी येतो,
आई फटीत ओला टॉवेल कोंबते तरी येतो.
तो मुद्दाम येत नाही.
जिथे दाट आहे तिथून विरळ आहे तिथे,
एवढंच त्याला ठाऊक.
घरतसरांनी लाल पेनाने समास भरून टाकला:
टॉवेलचा संबंध काय?

नाना बाथरूममध्ये, मी किचनच्या ओट्याशी,
मध्ये दोन भिंती आणि काकूंचं कपाट.
मला नाना दिसत नाहीत, नानांना मी.
"अंगठा काढलास का?"
नव्हता काढला. सांडेल म्हणून दाबून धरलेला.
"काढ गं. वर हवा कोंडली की पाणी हलत नाही.
दोन्ही टोकं उघडी पाहिजेत."

काढला.
पाणी दचकलं, घसरलं, पुन्हा वर आलं,
थोडा वेळ कुठे थांबावं ते ठरवत राहिलं.
मी पेन्सिलीने रेघ मारली.

पण नानांचा विश्वास नाही बसला.
खात्रीला त्यांनी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरली
तर एकीकडे पाणी दोन बोटं वर.
मग सगळी नळी हातातून सरकवत नेली,
आजारी माणसाची नस चाचपावी तशी,
आणि कपाटामागच्या वळणावर सापडला
एक बुडबुडा, माझ्या करंगळीच्या पेराएवढा.
"हा बघ. मध्ये बसून पाण्याला खोटं बोलायला लावतो."
टिचकी मारली. ढिम्म.
नळी उंच धरली, टिचक्या मारत राहिले,
तेव्हा तो कुरकुरत वर निघाला
आणि टोकाशी पोचून नाहीसा झाला.
आवाजसुद्धा नाही.

पुन्हा ओट्याशी. पुन्हा अंगठा काढून.
काकूंच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबले,
मग भिंतीला म्हणाले,
"नाना, विज्ञानात सहा मिळाले. विसापैकी."

उत्तर नाही.
पण माझ्या हातातलं पाणी
हळूच वर आलं, खाली गेलं,
वर आलं.
पलीकडे नानांचा हात हलला होता.
मी बघत राहिले. दोन भिंतींआडून
तो हात मला असा दिसेल
हे पुस्तकात नव्हतं.

हळूहळू पाणी थांबलं.
"मार रेघ," पलीकडून आवाज आला.
मारली.
"सरळ?"
"सरळ."

मग जरा वेळाने, थापी बादलीत बुचकळत:
"सहीला पेन नाही माझ्याकडं.
पेन्सिल चालते का तुझ्या सरांना?"