लांबी

उद्यमबागेत सकाळी साडेआठला मच्छ्याहून टेम्पो येतो.
एकशे वीस पंप-बॉडी,
रेड ऑक्साइड अजून बोटांना लागणारा.
मी एकेकीला हातोडीची टिचकी देतो.
चांगलं ओतीव तांब्याच्या हंड्यासारखं वाजतं.
सत्तेचाळिसावी बोलली
सर्दी झालेल्या माणसासारखी.

खरवडली. रंगाखाली लांबी,
लांबीखाली मोहरीएवढं भोक.
तार घातली, ती जातच राहिली.
आणि सोललेल्या लांबीच्या तुकड्यावर,
ओली असताना दाबलेला, एक अंगठा.
रेघ न् रेघ दिसत होती.

परत-चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली,
फोनवर मराठीत सांगितली,
नेमगोंडा शेठ आधी कन्नडमध्ये हळहळले, एन् माडोदु, एन् माडोदु,
मग मराठीत आले:
"तेवढं अॅडजस्ट करा की हो.
पाण्याचाच पंप हाय, विमान न्हवं."

पाण्यालाच तर भोक सापडतं, शेठ.
हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

दुपारी मीच गेलो. भट्टी निवलेली, पंखा बंद.
वाळू मुठीत दाबून मूठ उघडली,
लाडू तसाच राहिला. ओल जास्त.
भरमाण्णानं चहा आणला. तीस वर्षं मोल्डर.
"वाळू फिरवायला टाइम कुठं देत्यात सायेब,
सोमवारचा माल शनिवारीच पायजे म्हणत्यात."
कप घेताना मी त्याचा अंगठा पाहिला.
वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.
रेशनच्या मशीनला तो लागत नाही म्हणे,
दर महिन्याला सुनेला घेऊन जावं लागतं.

शुक्रवारी खुलासा आला, चार पानी.
फॉर्मवर पाच वेळा 'का?' छापलेलं,
पाचही जागी एकच उत्तर:
कामगाराचा निष्काळजीपणा.
मोल्डरला लेखी समज दिली आहे.
खाली शिक्का, सही,
आणि कडेला, कागद धरताना उमटलेला,
तांबूस अंगठा.
रेघ न् रेघ.

तो लांबीचा तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
'मान्य'ची चौकट कोरी आहे.
आमचे साहेब दोनदा डोकावून गेले:
लाइन थांबलीय, कर की सही.
पेन शोधतोय, म्हटलं.

पेन खिशालाच होतं.